समुद्राकाठच्या घरात हायब्रिड गादी: वजन आणि झोपायची सवय बघून निवड कशी करावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. घर मालवणजवळ, किनाऱ्यापासून चालत पाच मिनिटांवर. प्रश्न विचारणाऱ्यांचं वजन ८८ किलो, झोप कायम कुशीवर. सकाळी उठलं की खालचा खांदा आखडलेला असतो. पत्नीचं वजन ५२ किलो, ती उताणी झोपते, तिची कंबर अधूनमधून धरते. पलंग वडिलोपार्जित, सागवानी, माडीवरच्या खोलीत. आठ इंची हायब्रिड गादी घ्यायचं ठरलंय. दुकानदार म्हणतो, वजन जास्त आहे तर फर्म घ्या. इंटरनेटवर वाचलंय की कुशीवर झोपणाऱ्यांनी सॉफ्ट घ्यावी. कोणाचं ऐकायचं?

दोघंही अर्धं सांगतायत. मी रत्नागिरीत २६ वर्षं गाद्यांच्या धंद्यात आहे. वडील कापूस पिंजून गाद्या भरायचे, उशांसाठी सावरीचा कापूस वापरायचे. मी सुरुवात त्यांच्या हाताखाली केली, मग काथ्याच्या गाद्या, मग फोम, आणि आता बरंचसं काम पॉकेट स्प्रिंगचं. नव्या गाद्या विकण्याइतकंच जुन्या गाद्या उसवून बघण्याचं काम माझ्याकडे येतं, आणि खरं शिकायला मिळालं ते या उसवलेल्या गाद्यांतून.

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेत. तुमच्या खांद्याला काय हवं, एकाच पलंगावर ३६ किलोंचा फरक कसा सांभाळायचा, आणि खाऱ्या हवेत स्प्रिंगची गादी टिकवायची कशी. दुकानात फक्त पहिल्यावर बोलणं होतं. तुमच्या घरात मात्र तिसऱ्याकडे दुर्लक्ष झालं तर पहिल्या दोघांवर केलेला विचार चार वर्षांत वाया जाईल.

आधी गादीच्या पोटात काय असतं ते बघू. खरी हायब्रिड म्हणजे खाली पॉकेट स्प्रिंग आणि वर फोम किंवा लॅटेक्स, म्हणजे रबराचा लवचीक थर. प्रत्येक स्प्रिंग स्वतंत्र कापडी पिशवीत शिवलेली असते. ही कल्पना जुनी आहे, कॅनडात जेम्स मार्शल यांनी १९०० साली तिचं पेटंट घेतलं. प्रत्येक स्प्रिंग आपापली दबते, शेजारणीला ओढत नाही, हा तिचा फायदा. पण आपल्याकडे काथ्यावर फोम चिकटवलेल्या गादीलाही हायब्रिड म्हणून विकतात. ती गादी वाईट असते असं नाही, पण वागते वेगळी. त्यामुळे नावावर जाऊ नका, आत खालून वर कोणकोणते थर आहेत आणि प्रत्येक किती इंचाचा आहे ते लिहून मागा. जो दुकानदार हे सांगू शकत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

आता मुख्य गोष्ट. माणूस आडवा झाला की आधी वरचा फोम दबतो. तो पुरेसा दबला की भार स्प्रिंगवर जातो. पन्नास-पंचावन्न किलोच्या माणसाचा भार स्प्रिंगपर्यंत जेमतेम पोचतो, त्याला जे काही मऊ-कडक जाणवतं ते वरच्या दोन-तीन इंचांचं असतं. नव्वदीच्या आसपासचा माणूस तो फोम पार करून थेट स्प्रिंगवर जाऊन टेकतो. म्हणून एकच गादी तुमच्या पत्नीला कडक आणि तुम्हाला मऊ वाटेल, आणि दोघंही खरंच बोलत असाल. कंपनी गादीवर "मिडियम फर्म" लिहिते तेव्हा ती कुठल्यातरी मधल्या वजनाचा माणूस धरून लिहिते. तो माणूस तुमच्या घरात राहत नाही.

यावरून माझा साधा हिशेब असा: वजन कमी असेल तर वरच्या थराबद्दल जास्त प्रश्न विचारा, वजन जास्त असेल तर स्प्रिंगबद्दल.

स्प्रिंगबद्दल विचारायचं म्हणजे तारेची जाडी विचारायची. दुकानात स्प्रिंगची संख्या सांगतात, हजार, दोन हजार. ७८ बाय ७२ च्या गादीत अडीच इंच व्यासाच्या स्प्रिंगा सरळ ओळीत मांडल्या तर साधारण साडेआठशे बसतात. संख्या फार मोठी सांगितली तर स्प्रिंगा बारीक व्यासाच्या आहेत किंवा छोट्या स्प्रिंगांचा दुसरा थर आहे. त्यात गैर काही नाही, पण संख्येवरून आधार कळत नाही. स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे बाकी सगळं तेच ठेवून तार १.८ ऐवजी २ मिलिमीटरची घेतली, तर नुसत्या ०.२ मिलिमीटरने स्प्रिंग जवळजवळ दीडपट ताठ होते. तुमच्या वजनाला मी २ मिलिमीटर किंवा थोडी वरची तार घेईन. तुमच्या पत्नीला १.८ पुरेशी आहे.

फोमच्या बाबतीत "४० डेन्सिटी" ऐकून तो कडक असेल असं समजू नका. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो. तेवढ्याच डेन्सिटीचा फोम मऊही बनवता येतो आणि कडकही. डेन्सिटीवरून कळतं ते तो किती वर्षं उभारी धरेल. जड माणसाखाली हलका फोम दीड-दोन वर्षांत कंबरेच्या जागी बसतो, मग गादीत खळगा पडतो आणि दोष स्प्रिंगला जातो. तुमच्या बाजूला ४० च्या खालचा फोम वरच्या थरात नको.

आता कुशीवर झोपण्याकडे येतो, कारण तुमची खरी अडचण इथे आहे. उताणं झोपल्यावर शरीराचा भार पाठभर पसरतो. कुशीवर तोच भार खांदा आणि खुबा या दोन ठिकाणी गोळा होतो. गादीने खांद्याला आत जाऊ दिलं नाही तर तो चेंगरतो, हाताला मुंग्या येतात, सकाळी मान आणि खांदा आखडतो. आणि गादीने खुब्याला हवं त्याहून जास्त आत जाऊ दिलं तर पाठीचा कणा मध्ये झोळीसारखा लोंबतो. म्हणजे एकाच शरीरासाठी वर मऊपणा हवा आणि खाली ताठपणा हवा. दुकानदाराचं "फर्म" स्प्रिंगला लागू पडतं, इंटरनेटवरचं "सॉफ्ट" वरच्या थराला. ८८ किलोला आणि कुशीवरच्या झोपेला मी वर अडीच ते तीन इंच लॅटेक्स किंवा चांगला एचआर (हाय रेझिलियन्स, म्हणजे दाबला की लगेच उसळून वर येणारा) फोम आणि खाली जाड तारेची, सहा इंच उंच स्प्रिंग असं सांगेन. वरचं शिवण-अस्तर आणि तळाची नमद्याची पट्टी धरली तर गादी नऊ ते दहा इंचाची होते. आठ इंचात हे सगळं बसत नाही, कुठला तरी थर बारीक करावा लागतो आणि बहुतेकदा वरचाच केला जातो.

पाठदुखीला कडक गादी बरी, हा समज आपल्याकडे फार खोल आहे. माझ्याही मनात होता. वीसेक वर्षांपूर्वी एक बाई आल्या, पन्नाशीच्या, अंगाने अगदी बारीक. म्हणाल्या, "माका कडकच गादी होयी, कंबार दुखता." मी काही न विचारता दुकानातली सगळ्यात कडक गादी दिली. महिन्याभराने त्या परत आल्या. कंबर तशीच होती, आणि आता रात्री दोनदा हात बधिर होऊन जाग यायची. त्या कुशीवर झोपत होत्या, हे मी विचारलंच नव्हतं. ती गादी परत घेतली आणि वर दोन इंच मऊ थर चढवून दिला, तेव्हा त्यांना झोप लागली. तेव्हापासून वजन आणि झोपायची सवय विचारल्याशिवाय मी गादी दाखवत नाही. २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास आला होता. कंबरेच्या जुनाट दुखण्याच्या ३१३ जणांना ९० दिवस वेगवेगळ्या गाद्यांवर झोपवलं होतं, आणि कडक गादीवाल्यांपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांना जास्त आराम पडला. तुमच्या पत्नीसाठी हेच धरून चला. उताणं झोपणाऱ्या ५२ किलोच्या माणसाला मध्यम गादी, वर दीड-दोन इंचांचा थर, एवढं पुरतं. कंबरेचं दुखणं पायात उतरत असेल किंवा पायाला बधिरपणा असेल, तर मात्र आधी डॉक्टर, मग गादी.

तिच्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. गादीवर उताणं पडून कंबरेखाली तळहात सरकवून बघायचा. हात आरपार सहज जातो आणि वर पोकळी राहते तर गादी तिला कडक आहे. हात आत जातच नाही, ओढून काढावा लागतो, तर खुबे बुडतायत. थोडा दाब लागून हात सरकला की जमलं. तुमच्यासाठी: कुशीवर झोपा आणि पत्नीला पाठीमागून मोबाइलवर फोटो काढायला सांगा. मानेपासून माकडहाडापर्यंतची रेघ सरळ दिसली पाहिजे. दुकानात दोन मिनिटं बसून उठू नका. पंधरा मिनिटं तशीच पडून राहा, नेहमीची उशी घरून घेऊन जा. लाज वाटून घ्यायचं कारण नाही, आम्हाला त्याची सवय असते. उशीचं मुद्दाम सांगतो, कारण खांदा आत जाऊ लागला की डोकं आणि गादीतलं अंतर कमी होतं आणि जुनी जाड उशी मान वर ढकलते. पुष्कळ लोक नवी गादी मऊ म्हणून परत करतात, चूक असते उशीची.

पालथं झोपणाऱ्यांबद्दल इथे थोडक्यात सांगतो, कोणी वाचत असेल तर: वरचा थर पातळ, स्प्रिंग ताठ, उशी अगदी चपटी. वजन जास्त असेल तर हे आणखी काटेकोर पाळा, कारण पोट बुडालं की कंबर उलटी वाकते.

मग एकाच पलंगावर दोघांचं कसं करायचं? वजनात दहा-पंधरा किलोंचा फरक असेल तर एकच गादी घ्यावी, जड माणसाप्रमाणे स्प्रिंग आणि हलक्या माणसाप्रमाणे वरचा थर ठरवावा. ३६ किलोंच्या फरकाला मी दोन वेगळ्या गाद्या सुचवतो, ७८ बाय ३६ च्या दोन, एकाच उंचीच्या, आणि वरून एकच पातळ जोडपट्टी किंवा टॉपर, म्हणजे गादीवर अंथरायचा सुटा मऊ थर. मधल्या फटीची लोकांना काळजी वाटते, पण पलंगाला चारही बाजूंनी कठडा असेल तर गाद्या सरकत नाहीत. तुमच्या घरात याचा दुसरा फायदाही आहे. दहा इंची पूर्ण हायब्रिड गादी दोन माणसांनी माडीच्या अरुंद लाकडी जिन्यावरून वळवून नेणं फार अवघड असतं. कोसळत्या पावसात अशी गादी जिन्यात अडकून पुन्हा खाली आणलेली मी पाहिली आहे. ३६ इंचांची गादी सहज चढते, आणि पुढे दर पंधरा दिवसांनी ती उचलून उभी करायची असते तेव्हा एकटा माणूस ते करू शकतो.

उभी का करायची? इथे समुद्राचा विषय येतो, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तुमच्याकडेही काही कमी नाही. त्यात हवेतलं मीठ. मीठ ओल धरून ठेवतं आणि तारेला गंज लावतं. शिवाय रात्रभर अंगाचा घाम आणि ऊब गादीतून खाली उतरते, आणि खाली गार फळी लागली की तिथे ओल धरते. चार वर्षांपूर्वी मी किनाऱ्याजवळच्या एका घरातली स्प्रिंगची गादी उसवली. वरून गादी चांगली दिसत होती, फक्त कूस बदलली की करकरायची. तळ उघडला तर स्प्रिंगच्या पिशव्यांवर तांबूस कडी उमटलेली, कापडावर बुरशीचे काळे ठिपके, आणि तळाला अजूनही कारखान्याचं प्लास्टिक तसंच. पलंग खाली कप्पे असलेला, वर सलग प्लाय. घरच्यांनी जपायचं म्हणून प्लास्टिक काढलं नव्हतं. ते प्लास्टिकच ओल कोंडून ठेवत होतं.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो. प्लास्टिक पहिल्या दिवशी काढा. पलंगावर सलग फळी असेल तर सुताराकडून पट्ट्या मारून घ्या, दोन पट्ट्यांत अडीच इंचांपेक्षा जास्त फट नको, नाहीतर स्प्रिंग फटीत उतरतात. फळी बदलायची नसेल तर तिला दर सहा इंचांवर इंचभर व्यासाची भोकं पाडून घ्या. वडिलोपार्जित पलंगाला हात लावायला जीव होत नाही हे मला कळतं, पण ही फळी आत असते, बाहेरून काही दिसत नाही. गादी घेताना स्प्रिंगच्या तारेला जस्ताचा मुलामा आहे का ते विचारा. किनाऱ्यावर थोडे पैसे जास्त गेले तरी हे घ्यावं. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी गादी भिंतीला उभी टेकवून दोन तास पंखा लावा.

उन्हाबद्दल वेगळं सांगतो, कारण इथे आपली जुनी सवय आड येते. कापसाची गादी खळ्यात उन्हात टाकायची, काठीने झोडायची, हे बरोबरच होतं. कापसाला ऊन हवंच. लॅटेक्सला नको. लॅटेक्स म्हणजे रबर, आपल्या दोडामार्गात ज्याचे मळे आहेत तेच. ते कडक उन्हात पिवळं पडतं आणि पापुद्र्यासारखं सुटायला लागतं. फोमही उन्हात पिवळा होऊन भुसभुशीत होतो. हायब्रिड गादीला सावलीतला वारा द्या, पडवीत उभी करा. ऑक्टोबरातली कोरडी हवा त्यासाठी उत्तम.

मेमरी फोमचा थर तुमच्यासाठी मी टाळेन. तो उष्णतेने मऊ होतो, थंडीत ताठर होतो. १९६६ मध्ये नासासाठी विमानातल्या आसनांचं काम चालू असताना तो तयार झाला, आणि दाब पसरवण्यात तो खरंच चांगला आहे. पण एप्रिल-मेच्या दमट रात्री, त्यात वीज गेलेली, तर तो अंगाला चिकटल्यासारखा वाटतो आणि तुमच्या वजनाला हवं त्याहून जास्त खाली जाऊ देतो. एसी रोज लागत असेल तर पुन्हा विचार करता येईल. लॅटेक्समध्ये हवा खेळते आणि तो दाबला की लगेच वर येतो, कूस बदलायला सोपं जातं. महाग आहे, हे खरं.

पलंगाची उंचीही बघा. जुने सागवानी पलंग अठरा-अठरा इंच उंच असतात. त्यावर दहा इंची गादी म्हणजे अठ्ठावीस इंच. काठावर बसल्यावर पाय जमिनीला टेकले पाहिजेत, नाहीतर रात्री उठताना, विशेषतः घरात वयस्कर माणसं असतील तर, पडायची भीती. कठड्याच्या आत फळी दोन-तीन इंच खाली उतरवता येते का ते सुताराला विचारा. पट्ट्या मारायला तो येणारच आहे. काठावर बसायची सवय असेल तर गादीच्या कडेला कडक फोमची चौकट आहे का तेही बघा, नाहीतर कड खचते.

पैसे भरायच्या आधी घरीच एक प्रयोग करा, फुकट आहे. आत्ता ज्या गादीवर झोपता त्यावर तुमच्या बाजूला दोन जाड गोधड्या घडी करून घाला आणि चार रात्री झोपा. खांदा सुधारला तर तुम्हाला वरचा थर जाड हवा, हे तुमच्याच शरीराने सांगितलं. मग चार रात्री गोधड्या काढून गादी जमिनीवर टाकून झोपा. तेव्हा कंबरेला बरं वाटलं तर जुन्या पलंगाची फळी वाकली असण्याची शक्यता आहे, आणि तसं असेल तर नवी गादीही तिथे वाकणारच. मी गिऱ्हाइकांना हे करायला सांगतो तेव्हा काहींना गादीऐवजी नुसता टॉपर पुरतो. माझी विक्री कमी होते, पण ते लोक पुन्हा माझ्याकडेच येतात.

ऑनलाइन घेणार असाल तर शंभर रात्रींची चाचणी वगैरे ठीक आहे, पण तुमच्या पिनकोडवरून गादी परत नेतात का ते आधी लेखी विचारा. वॉरंटीत खळगा किती इंचांचा झाला की दाद देतात ते वाचा. गादीवर डाग असेल किंवा खाली आधार बरोबर नसेल तर बहुतेक ठिकाणी वॉरंटी नाकारतात. म्हणून सुती, हवा खेळणारी खोळ पहिल्या दिवसापासून घाला. नवी गादी तीन-चार आठवड्यांत थोडी सैलावते, त्यामुळे पहिल्या दोन रात्रींवरून निकाल लावू नका.

माझं उत्तर बदलू शकेल अशा दोन गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत. तुमची उंची आणि खांद्याची रुंदी: रुंद खांद्याच्या माणसाला वरचा थर पूर्ण तीन इंच लागतो, अरुंद खांद्याला अडीचात भागतं. आणि पत्नी रात्रभर उताणीच राहते की पहाटे कुशीवर वळते. वळत असेल तर तिच्या गादीचा वरचा थर अर्ध्या इंचाने वाढवा.

शेवटी माप. जुन्या पलंगाचं माप दुकानात तोंडी सांगू नका. कठड्याच्या आतून डोक्याशी, मध्ये आणि पायाशी असं तीन ठिकाणी मोजा, लांबीही दोन्ही बाजूंनी. सागवान असलं तरी पन्नास पावसाळ्यांत चौकट थोडी तिरकी झालेली असते, अर्धा-पाऊण इंच फरक मी कितीदा पाहिलाय. सगळ्यात लहान माप धरा आणि त्यातून अर्धा इंच वजा करून गादी सांगा. पट्ट्या मारून झाल्या की मोजा, आधी नाही.